शिक्षा भोगून आलेला खेळाडू : देणे आणि पत



खेळाडू हा आजच्या तरुण पिढीचा सर्वांत जवळचा आदर्श असतो. संतांची वा समाजसेवकांची चित्रे घरातील वडीलधाऱ्यांच्या खोलीत असतात. मुलांच्या खोलीतील भिंतीवर क्रिकेटपटूचे चित्र असते. असा एखादा खेळाडू न्यायालयात दोषी ठरतो, कारागृहात जातो आणि शिक्षा संपवून पुन्हा मैदानाच्या दाराशी येऊन उभा राहतो. ते दार त्याच्यासाठी उघडावे की नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. ज्यांच्यावर केवळ आरोप आहेत, ज्यांचे खटले चालू आहेत, त्यांचा येथे विचार केलेला नाही. ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला आणि ज्यांनी दंड भोगला, त्यांच्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

या प्रश्नाला समाजात सामान्यतः दोन उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, कायद्याने दिलेली शिक्षा भोगली, विषय संपला. आता त्याला कोणी अडवू नये. दुसरा पक्ष म्हणतो, एकदा लागलेला डाग कधी जात नाही. अशा माणसाचे तोंडही पाहू नये. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, म्हणूनच ती लोकप्रिय आहेत. परंतु व्यवहारात एवढे सोपे उत्तर कोणीच स्वीकारत नाही, हे बाजारपेठेतील कोणत्याही पेढीवर पाहावयास मिळते.

एखाद्या किरकोळ दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याची रक्कम थकविली, पुढे काही वर्षांनी ती व्याजासह चुकती केली, तर त्याचे खाते बरोबर होते. त्यानंतर त्याच्याकडे तगादा लावणे हा अन्याय ठरेल. तो रोख रक्कम घेऊन आला तर त्याला माल नाकारणेही योग्य नव्हे. परंतु दिवाळीच्या हंगामात तोच दुकानदार लाखभराचे कापड नव्वद दिवसांच्या उधारीवर मागू लागला, तर व्यापारी विचार करील. पहिले काही व्यवहार रोखीने होतील, मग थोड्या मुदतीने होतील, आणि जुना विश्वास बसण्यास कदाचित काही वर्षे जातील. देणे फिटणे ही एक गोष्ट आणि पत परत मिळणे ही दुसरी गोष्ट. शिक्षा भोगलेल्या खेळाडूच्या बाबतीतही ही दोन खाती वेगवेगळी ठेवली, तर पुष्कळसा गोंधळ दूर होतो. उपजीविकेचा अधिकार हा देणे फिटताच परत मिळावा. मानसन्मान मात्र पतीच्या खात्यात मोडतो आणि तो मागून मिळत नाही.

या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील मायकेल व्हिक या खेळाडूचे आहे. जीवदयेला ज्या समाजात सर्वोच्च स्थान आहे, त्या समाजाने तर ते अवश्य अभ्यासावे. व्हिक हा अमेरिकन फुटबॉलमधील क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या आक्रमणाचा सूत्रधार. २००१ साली अटलांटा फाल्कन्स या संघाने त्याला देशभरातील नव्या खेळाडूंमधून सर्वप्रथम निवडले. २००४ च्या अखेरीस त्याच्याशी दहा वर्षांचा, तेरा कोटी डॉलरचा करार झाला. वय अवघे चोवीस वर्षे.

एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील सरी परगण्यात असलेल्या त्याच्या मालकीच्या जागेवर पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा तेथे कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा उघडकीस आला. साठाहून अधिक कुत्री तेथे सापडली. झुंजीवर पैजा लागत. जी कुत्री नीट झुंजत नसत, त्यांना फासावर लटकवून, पाण्यात बुडवून ठार केले जाई, आणि या कृत्यात स्वतःचा हात असल्याचे व्हिकने पुढे मान्य केले. आरंभी मात्र त्याने सारे नाकारले होते. ऑगस्ट २००७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्याने जबाबदारी पूर्णपणे स्वीकारलेली नाही, असे मत व्यक्त करून न्यायाधीशांनी डिसेंबर २००७ मध्ये त्याला तेवीस महिन्यांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. करार गेला, जाहिराती गेल्या, आणि जुलै २००८ मध्ये कारागृहात असतानाच त्याला नादारी जाहीर करावी लागली.

या खटल्यातील एक बाब विशेष उल्लेखनीय आहे. झुंजीच्या अड्ड्यावरून जप्त केलेल्या कुत्र्यांना त्या काळी बहुधा सरसकट मारून टाकले जाई. ती सुधारणार नाहीत असा समज होता. येथे न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र परीक्षा करविली आणि त्यांच्या हितासाठी एक विधिज्ञ पालक म्हणून नेमला. त्यांच्या पालनपोषणासाठी ९ लाख २८ हजार डॉलरहून अधिक रक्कम व्हिककडून वसूल करण्यात आली. सर्वांत कठीण समजली गेलेली बावीस कुत्री युटा राज्यातील एका मोठ्या प्राणी-आश्रयस्थानाकडे गेली. पांजरपोळाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या कार्याचे मोल वेगळे सांगावयास नको. पन्नासच्या आसपास कुत्र्यांपैकी बहुतेक सर्व वाचली. त्यांतील काही पुढे कुटुंबांत राहिली, तर काही रुग्णांना व लहान मुलांना सोबत करण्याच्या कामीही आली. अर्थात, दुसऱ्या संधीचा विचार झाला तो प्रथम पीडितांचा, नंतर अपराध्याचा. हा क्रम महत्त्वाचा आहे.

२००९ च्या जुलैमध्ये व्हिकची शिक्षा पूर्ण झाली आणि लीगच्या आयुक्तांनी त्याला सशर्त परवानगी दिली. टोनी डंगी या आदरणीय निवृत्त प्रशिक्षकाने त्याच्या मार्गदर्शनाची जबाबदारी पत्करली. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाने त्याला घेतले, पण ते राखीव खेळाडू म्हणून, पहिल्या वर्षासाठी सोळा लाख डॉलर देऊन. तेरा कोटींच्या कराराचा धनी असलेला माणूस बाकावर बसू लागला. संघाच्या कार्यालयाबाहेर निदर्शने झाली. २०१० मध्ये मुख्य खेळाडूस दुखापत झाल्यावर त्याला स्थान मिळाले, आणि त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट पुनरागमनाचा पुरस्कार त्याने मिळविला.

परंतु मैदानावरील यश हा त्याच्या बाजूचा सर्वांत दुबळा पुरावा मानावा लागेल. चेंडू दूर फेकता येणे म्हणजे हृदयपरिवर्तन नव्हे. त्याच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. ज्या प्राणिमित्र संस्थेने त्याच्यावर कठोर टीका केली होती, त्याच संस्थेबरोबर तो वस्त्यावस्त्यांतील मुलांसमोर जाऊन झुंजींविरुद्ध बोलू लागला. प्राण्यांच्या झुंजी पाहावयास जाणे हाही गुन्हा ठरावा, या मागणीसाठी २०११ मध्ये त्याने वॉशिंग्टन येथे लोकप्रतिनिधींसमोर भूमिका मांडली. २०१४ मध्ये ती तरतूद अमेरिकेच्या कायद्यात आली. नादारीच्या मार्गाने धनकोंना थोडक्यात वाटेला लावणे कित्येकांना सोयीचे वाटते. व्हिकने मात्र सुमारे पावणेदोन कोटी डॉलरची देणी पुढील वर्षांत जवळजवळ संपूर्ण फेडली. वाणिज्य जाणणाऱ्या माणसाला या शेवटच्या आकड्याचे वजन लगेच कळते. मिळकत आली तेव्हा त्याने प्रथम जुने खाते पाहिले.

तरीही त्याची पत पूर्ण परत आली काय? २०२० च्या प्रो बोल या तारांकित खेळाडूंच्या सामन्यासाठी लीगने त्याला मानद कर्णधार नेमले, तेव्हा लाखो लोकांनी विरोधाच्या निवेदनांवर सह्या केल्या. तो सात हंगाम खेळला, मिळवता झाला, याला बहुतेकांची हरकत उरली नव्हती. त्याला फुलांचा हार घालण्यास होती. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये नॉरफोक राज्य विद्यापीठाने त्याची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली. कारागृहातून सुटल्यानंतर तरुणांच्या घडणीची एवढी मोठी जबाबदारी त्याच्या हाती येण्यास पंधरा वर्षे लागली. हा काळ फार झाला असे म्हणता येणार नाही.

देणे आणि पत यांतील भेद मॅरियन जोन्स या धावपटूच्या बाबतीतही स्पष्ट दिसतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्ण व दोन कांस्य अशी पाच पदके जिंकली. उत्तेजक द्रव्यांविषयी चौकशी अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याची कबुली तिने २००७ मध्ये दिली आणि २००८ मध्ये सहा महिन्यांचा कारावास भोगला. पाचही पदके काढून घेण्यात आली, ती तिला परत मिळाली नाहीत आणि मिळू नयेत. मात्र २०१० मध्ये तुल्सा येथील व्यावसायिक महिला बास्केटबॉल संघाने तिला खेळाडू म्हणून घेतले. दोन्ही निर्णय एकाच वेळी योग्य आहेत. लबाडीने मिळविलेला माल परत करावाच लागतो. परंतु उद्या प्रामाणिकपणे धंदा करण्यास मनाई करता येत नाही.

आता क्रिकेटकडे वळू. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानच्या दोन गोलंदाजांनी पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे नो-बॉल टाकले. कर्णधार सलमान बट, मोहम्मद आसिफ आणि अवघ्या अठरा वर्षांचा मोहम्मद आमिर या तिघांवर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने बंदी घातली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली : बटला तीस महिने, आसिफला एक वर्ष, आमिरला सहा महिने. आमिरने गुन्हा कबूल केला होता. बट व आसिफ शेवटपर्यंत खटला लढले. वय, अधिकार आणि कबुली या तीन गोष्टी न्यायालयाने तोलून पाहिल्या, हे शिक्षेच्या मोजमापातूनच दिसते. ज्याच्या हाती नेतृत्व होते त्याचा दोष सर्वांत मोठा ठरला. पेढीवरील पोऱ्याने गल्ल्यातून पैसे उचलणे आणि मालकाच्या विश्वासातील मुनीमजींनी त्याला ते शिकविणे, यांत फरक करावाच लागतो.

आमिर पाच वर्षांची बंदी पूर्ण करून जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यात परतला. त्यापूर्वी त्याच्या स्वतःच्याच दोन सहकाऱ्यांनी, मोहम्मद हफीझ आणि अझर अली यांनी, तो असलेल्या सराव शिबिरात येण्यास नकार दिला होता. पुढे ते समजुतीने आले. जून २०१७ मधील चँपियन्स करंडकाचा अंतिम सामना भारतीय रसिक विसरलेले नाहीत. रोहित शर्मा, विराट कोहली व शिखर धवन या तिघांना आमिरने बाद केले आणि भारताचा १८० धावांनी पराभव झाला. हा पराभव जिव्हारी लागला तरी, अठराव्या वर्षी केलेल्या अपराधासाठी त्याला आजन्म घरी बसविणे न्याय्य झाले असते, असे तटस्थ माणूस म्हणणार नाही. याउलट सलमान बट पाकिस्तानसाठी पुन्हा कधीच खेळला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला निवड समितीचा सल्लागार नेमल्याची घोषणा झाली, आणि टीकेचा असा भडिमार झाला की एका दिवसातच ती मागे घ्यावी लागली. तो देशांतर्गत सामने खेळला, त्याबद्दल एवढा रोष नव्हता. इतरांचे खेळ पारखण्याचा अधिकार त्याच्याकडे जाणे लोकांना मानवले नाही.

काही अपराध मात्र याहून फार वेगळे असतात. नेदरलँड्सचा बीच व्हॉलीबॉलपटू स्टिव्हन व्हान डे व्हेल्डे याने २०१४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, इंग्लंडमध्ये बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला व त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. मायदेशी पाठविल्यावर तेथील कायद्याप्रमाणे तिचा पुनर्विचार होऊन सुमारे तेरा महिन्यांतच तो सुटला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो देशाचा गणवेश घालून उतरला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. त्याला क्रीडाग्रामात न ठेवता वेगळे ठेवण्याची व्यवस्था त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीने केली होती. ज्या माणसाला इतर खेळाडूंच्या वस्तीत ठेवणे प्रशस्त वाटत नाही, त्याला राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून पाठविणे ही मोठी विसंगती होय. त्याने काम करावे, कुटुंब पोसावे, हवे तर खेळून पोसावे. त्याला उपाशी ठेवल्याने कोणाचे भले होणार नाही. परंतु राष्ट्राचा गणवेश हा रोजगार नाही, तो गौरव आहे. ज्या मुलीचे बालपण हिरावले गेले, तिला तो गौरव दूरचित्रवाणीवर पाहावा लागतो. तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणत्याही क्रीडा संघटनेला नाही. क्षमा मागणे हे अपराध्याचे कर्तव्य. ती देणे ही सर्वस्वी पीडिताची इच्छा.

अपराध्याला पुन्हा सामावून घेण्याचा हा प्रश्न नवा नाही, आणि जैन परंपरेने त्याचा फार सूक्ष्म विचार करून ठेवला आहे. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत. आरंभ आलोचनेने, म्हणजे गुरूंसमोर दोषाच्या स्पष्ट कबुलीने होतो. पुढील प्रकारांत ‘छेद’ हा एक प्रकार आहे. त्यात दोषी साधूच्या दीक्षापर्यायातील काही काळ कापला जातो. तो संघातच राहतो, परंतु काल जे त्याला वंदन करीत होते त्यांतील काहींना आज त्याने वंदन करावयाचे असते. ‘परिहार’ या प्रकारात ठरावीक काळ संघापासून दूर राहावे लागते, तर ‘उपस्थापना’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून दीक्षा. दोष जसा, तसे प्रायश्चित्त. सर्वांना एकच माप नाही. परतीचा मार्ग ठेवला आहे, पण ज्येष्ठता आपोआप परत दिलेली नाही. तेरा कोटींचा नायक राखीव बाकावर बसला, तेव्हा अमेरिकेतील त्या संघाने नकळत हेच तत्त्व पाळले.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि त्याचे उत्तर टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेप असा की, दुसऱ्या संधीच्या गोष्टी केवळ गुणवान खेळाडूंच्या बाबतीतच का होतात? व्हिकला संघ मिळाला, कारण त्याच्या पायांत वेग होता. आमिर परतला, कारण डावखुरा वेगवान गोलंदाज सहज मिळत नाही. हा करुणेचा विजय आहे की बाजाराची गरज? हमालाच्या, शिंप्याच्या वा गाडीवानाच्या हातून गुन्हा घडला आणि तो शिक्षा भोगून गावी परतला, तर त्याच्यासाठी कोणती लीग पत्रक काढते? त्याला भाड्याने खोली मिळत नाही, मुलीचे लग्न ठरत नाही, आणि कामावर ठेवताना ‘चौकशी करून कळवितो’ एवढेच उत्तर मिळते.

हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून खेळाडूची संधी काढून घेतल्याने हमालाला ती मिळणार नाही. खेळाडूसाठी जो न्याय समाज मान्य करतो, तो हमालालाही लागू करणे, हाच त्यावर उपाय. आणि ते अशक्य नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना तेथे भिंतीविना ठेवून शेती करू देण्यात आली. त्या प्रयोगावरूनच स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्या कैद्यांपैकी कोणालाही चेंडू फेकता येत नव्हता. त्यांना नांगर धरता येत होता, तेवढ्यावर संस्थानाने विश्वास टाकला.

यास्तव, शिक्षा भोगून आलेला माणूस, मग तो खेळाडू असो वा कारागीर, दाराशी आला असता त्याच्याविषयी तीन गोष्टी पाहाव्यात. त्याने दोष स्वच्छ शब्दांत कबूल केला आहे काय? ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई, शक्य तेवढी, त्याने केली आहे काय? आणि जे काम तो मागतो आहे त्यात तोच अपराध पुन्हा घडण्यास वाव आहे काय? ज्याने लहान मुलांना दुखावले त्याला मुलांचा प्रशिक्षक करू नये. ज्याने सामना विकला त्याला निवड समितीवर बसवू नये. ज्याने गल्ला फोडला त्याला गल्ल्यावर बसवू नये. परंतु या तिघांनाही सन्मानाने भाकरी मिळविता येईल असे दुसरे काम जगात भरपूर आहे, आणि ते देणाऱ्याचे हात सभागृहात उपस्थित असलेल्या बहुतेकांच्या पेढ्यांवर, कारखान्यांवर आणि दुकानांवर आहेत.

प्रसिद्ध खेळाडूंचे भवितव्य दूरदेशीच्या संघटना ठरवितील. गावातील माणसाचे भवितव्य गावच ठरविते. अशा एखाद्याला येत्या पाडव्याला गोदामात गठ्ठे मोजण्याचे काम मिळाले, पहिले सहा महिने त्याच्या कामावर लक्ष ठेवले गेले आणि सहा महिन्यांनंतर त्याचा पगार इतरांच्या बरोबरीने झाला, तर या विषयावरील आजची चर्चा सत्कारणी लागली असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.